चौदाव्या रकान्यातलं नाव

साकोलीत हायवेच्या अलीकडे मनिराम हॉस्पिटल, पलीकडे डॉक्टर अमरचं. मधे काय तो रस्ता. एकोणीस वर्षं पेशंट अलीकडे उतरायचे आणि अलीकडेच बरे व्हायचे. पण मागच्या दिवाळीत अमरने आपल्या दारावर ‘कॅशलेस सुविधा उपलब्ध’ अशी पाटी ठोकली, आणि बाप्पा, सानगडीच्या एसटीतून उतरलेली माणसंसुद्धा पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडायला लागली. विम्याचं कार्ड दाखवा, भरती व्हा, बरे होऊन घरी जा. बिलाचं कंपनी आणि हॉस्पिटल आपसात पाहून घेतील. एवढं सुख समोर असताना अलीकडे कोण थांबणार?

डॉक्टर लिलाधरांचा नुसता जळफळाट झाला. आता हे लिलाधर म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. सानगडीच्या तलावात मासे धरणाऱ्या मनिरामचा हा मुलगा. आयुर्वेदाची पदवी घेऊन घरातला पहिला डॉक्टर झाला, बापाच्या नावानं हॉस्पिटल बांधलं, आणि बाळंतपण अडलं की पार आसगावपर्यंतचे लोक म्हणायला लागले, “लिलाधर साहेबाकडे न्या, त्याइच्या हाताले यश हाये.” हे कानावर आलं की साहेब मिशीतल्या मिशीत हसायचे आणि “अरे, माझं काय त्यात” असं अशा सुरात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्याशिवाय त्यात दुसऱ्या कोणाचं काही नाहीच.

आणि खरं काय होतं? खरं हे, की या माणसानं उभ्या जन्मात एकही सिझर केलं नव्हतं. सिझर करायची त्यांची बायको. डॉक्टर ज्योत्सना, एमबीबीएस, वर स्त्रीरोगाचा डिप्लोमा. हाताला अशी सफाई, की भंडाऱ्याहून येणारा भूल देणारा डॉक्टर घड्याळ बघून थक्क व्हायचा. लिलाधर तिच्यासमोर उभे राहून चिमटे धरायचे, रक्त टिपायचे, आणि बाळ रडलं रे रडलं की मास्क हनुवटीवर ओढून सगळ्यात आधी बाहेर यायचे. “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.” आत टाके घालायला अर्धा तास जायचा. ज्योत्सनाबाई बाहेर येईपर्यंत व्हरांड्यातले सगळे नमस्कार वाटून संपलेले असायचे.

सुट्टीच्या, म्हणजे डिस्चार्जच्या, कार्डाचंही तसंच. ‘ऑपरेशन करणारे डॉक्टर’ या ओळीसमोर हिरव्या शाईत सही लिलाधरांची. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेली असायची, कार्डं हे भरायचे, सही यांचीच पडायची. मग तोच रिवाज झाला. एकोणीस वर्षं तिनं कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीकच चाललं आहे असं नवऱ्यांना वाटतं.

तर अमरची पाटी बघून लिलाधरांनी ठरवलं, आपणही विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये जायचं. न जाऊन चालणारच नव्हतं. वीस खाटांपैकी सात भरत होत्या, दोन नर्सा अमरकडे निघून गेल्या होत्या, आणि असंच आणखी वर्ष गेलं असतं तर बापाच्या नावाच्या दाराला कुलूप लागलं असतं.

कंपनीचा फॉर्म आला तो बत्तीस पानांचा. खाटा किती, नर्सा किती, आग विझवण्याचा दाखला, कचरा उचलणाऱ्यांशी केलेला करार, चोवीस तास हजर राहणारा डॉक्टर कोण. लिलाधरांनी दोन दुपारी चष्मा पुसत पुसत सगळं भरलं. चौदावा रकाना होता ‘उपचार करणारे डॉक्टर’. तिथे त्यांनी ठसठशीत अक्षरात पहिलं नाव स्वतःचं घातलं आणि खाली जरा बारीक अक्षरात बायकोचं.

चार दिवसांनी नागपूरच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारी मुलगी फार गोड बोलली.

“सर, तुम्ही प्रसूती आणि शस्त्रक्रियेसाठी अर्ज केलाय ना, त्याला आमच्याकडे अॅलोपॅथीच्या तज्ज्ञाचंच नाव लागतं. तर चौदामध्ये मी फक्त मॅडमचं नाव ठेवते. तुमचं एकतिसाव्या पानावर घेते.”

“एकतिसाव्या पानावर काय आहे?”

“संपर्क व्यक्ती, सर. म्हणजे एखादा कागद कमी पडला तर आम्ही तुम्हाला फोन करणार.”

लिलाधरांनी फोन ठेवला. कागद कमी पडला तर! हॉस्पिटल बांधलं कोणी, विटा कोणी मोजून घेतल्या, ग्रामपंचायतीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत चपला कोणी झिजवल्या? आणि आता ती मुख्य आणि हे फोन उचलणारे. त्यांचा असा जळफळाट झाला, की अमरच्या पाटीनंही कधी झाला नव्हता. याला मत्सरच म्हणतात, दुसरा शब्द नाही. अमरचा राग आला तर निदान चारचौघांत दोन शिव्या देता येत होत्या. बायकोवर जळणाऱ्या माणसानं कोणापाशी बोलायचं? जिच्यावर जळायचं तीच दुपारी चारला चहा घेऊन केबिनमध्ये येत होती, आणि साखर बरोबर आहे का म्हणून विचारत होती.

पुढचे पंधरा दिवस म्हणजे साहेबांचा छळच झाला. कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता. दर्शनी भागात उपचार करणाऱ्या डॉक्टरांची पदवी लावायची असा नियम निघाला. दुर्गा सिस्टर या हॉस्पिटलात पहिल्या दिवसापासून होती, तिनं स्टुलावर चढून लिलाधरांची फ्रेम काढली आणि तिथे ज्योत्सनाबाईंची टांगली.

“साहेब, तुमची कुठं लावू जी? केबिनमधी, कॅलेंडरच्या बाजूनं?”

“माह्या डोक्यावर लाव,” लिलाधर म्हणाले.

दुर्गानं ती मुकाट्यानं कॅलेंडरच्या बाजूला लावली. मग पेंटर आला. रिसेप्शनला डॉक्टरांच्या नावांचा बोर्ड हवा होता. त्यानं ‘डॉ. सौ. ज्योत्सना’ असं दोन फूट लांब रंगवलं आणि निरागसपणे विचारलं, “साहेब, तुमचं बी टाकाचं हाये का?” लिलाधरांनी त्याला रंग फिका आहे म्हणून असं काही झापलं, की बिचाऱ्यानं सगळा बोर्ड पुन्हा घासून काढला.

ती राऊंडला निघाली की हे खिडकीतून बघायचे. कोण तिला नमस्कार करतं, किती वेळ करतं, वाकून करतं की नुसतेच हात जोडतं. एकदा एका म्हाताऱ्यानं तिच्या पायाला हात लावला, तर साहेबांनी त्याच्या बीपीचं मशीन इतकं फुगवलं, की तो ‘अगा माय’ म्हणून ओरडला. तिच्या नव्या साडीला “हे काय, तपासणीसाठी का?” म्हणाले. ती म्हणाली, “दोन वर्षं झाली इले.” यांना आठवेना. आठवेना याचाही राग तिच्यावरच.

तपासणीच्या तीन दिवस आधी ज्योत्सना केबिनमध्ये आली आणि दार लोटून घेतलं.

“ऐका न. ते लोक जुन्या वीस फायली मागते म्हणे. साऱ्या कार्डांवर सह्या तुमच्या हायेत. तुम्ही ऑपरेशन करता असं त्याइले वाटलं तर अर्ज तं जाईनच, वरून तुमच्यावर केस होईन. आपणच एक पत्र लिहून ठेवू. ऑपरेशनं मी केली, कार्डं तुम्ही भरली. दोन ओळी.”

“म्हणजे साकोलीभर दवंडी पिटायची का, लिलाधर नुसता चिमटे धरत होता म्हणून?”

“दवंडी कुठी व्हय? कंपनीले एक कागद देऊन राहिलो.”

“तुले मोठं व्हायची घाई झाली हाये,” लिलाधर म्हणाले. “तुह्या नावाचा बोर्ड झाला, पदवीची फ्रेम झाली. आता एवढंच राहिलं होतं.”

ज्योत्सना दार उघडून वॉर्डात गेली, आणि पत्र लिहायचं राहून गेलं.

कंपनीकडून आला तो डॉक्टर अतुल, नागपूरचा, तिशीचा, सडपातळ, बोलायला एकदम सभ्य. त्यानं ऑक्सिजन पाहिला, आगीचे सिलिंडर पाहिले, खाटा मोजल्या, नर्सांची रजिस्ट्रेशनं जुळवली. सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं चोख. लिलाधर त्याच्या पुढे पुढे चालत होते, कुलपं उघडत होते, दिवे लावत होते. “उत्तम ठेवलंय सर,” अतुल म्हणाला, आणि साहेबांना पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग केबिनमध्ये बसून त्यानं वीस फायली मागितल्या. दुर्गानं आणून ठेवल्या. पहिली उघडली, दुसरी उघडली. सहाव्या फायलीला त्याचा हात हळू झाला. विसावी मिटून त्यानं लॅपटॉपही मिटला.

“सर, वीसही सिझर आहेत. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणून वीसही ठिकाणी तुमची सही आहे. ही ऑपरेशनं तुम्ही केलीत?”

केबिनमध्ये ज्योत्सना होती, दुर्गा होती, औषधाच्या दुकानातला दादाजी काहीतरी विचारायला येऊन दारातच थबकला होता.

“मी स्पष्टच सांगतो,” अतुल म्हणाला. “हो म्हणालात तर मला अर्ज इथेच थांबवावा लागेल आणि वर कळवावंही लागेल. तुमच्या पदवीवर ही ऑपरेशनं चालत नाहीत. नाही म्हणालात तर दोन ओळी लेखी द्या, की ऑपरेशनं मॅडमनी केली. मी पुढे जातो.”

नाही. दोन अक्षरं. सात भरलेल्या खाटा, उरलेल्या नर्सा, बापाचं नाव, सगळं त्या दोन अक्षरांवर अडलं होतं हे लिलाधरांना लख्ख कळत होतं. पण दारात दादाजी उभा होता. दादाजीला आता कळलं की संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर कळणार, आणि उद्याच्या बाजारात सानगडीला.

“आम्ही दोघं मिळून करतो,” ते म्हणाले.

“मिळून म्हणजे? पोटावर चीर कोण देतं?”

लिलाधर टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागले. अतुलनं ज्योत्सनाकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही सांगा.”

तिनं एक शब्द उच्चारला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, “साहेब सांगतील.” तिनं वाट मोकळी करून दिली होती आणि हा माणूस त्या वाटेवर पाय ठेवत नव्हता.

“ठीक आहे,” अतुल उठला. “मग मला पेशंटलाच विचारावं लागेल.”

बायांच्या वॉर्डात आसगावची सत्यवती होती. सिझर होऊन चौथा दिवस, बाजूला मुलगी झोपलेली, आणि तिची सासू जमुनाबाई तिला गरम भात भरवत होती. इतके लोक एकदम आत आलेले बघून जमुनाबाईनं पदर सावरला. लिलाधर दाराच्या चौकटीशीच थांबले. आणि आता ऐका, त्यांच्या मनात काय चाललं होतं. ही ‘साहेबांनी केलं’ म्हणाली तर हॉस्पिटल बुडालं, केस झाली, सगळं संपलं. हे त्यांना कळत होतं. तरी आतून एक आवाज म्हणत होता, म्हण गं बाई, साहेबांनीच केलं म्हण. बुडालो तरी चालेल, पण माझं नाव घे.

“ताई,” अतुलनं विचारलं, “तुमचं ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांनी केलं?”

सत्यवतीनं आधी लिलाधरांकडे पाहिलं, मग ज्योत्सनाबाईंकडे.

“खरं सांगू का जी?”

“खरंच सांगा.”

“बाईनं केलं. मी जागीच होती न. पाठीत सुई देली तं कमरेखालचं समजत नोहोतं, पण कान तं चालू होते. बाई साहेबाले रागावून राहिल्या होत्या. साहेब, नीट धरा, साहेब, हात हालवू नोका.”

दुर्गा सिस्टरनं घाईघाईनं खिडकीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

अतुललाही हसू दाबावं लागलं. “मग सगळा तालुका साहेबांचंच नाव कसं घेतो? सकाळी मी चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, तर तोही म्हणाला, हाताला यश आहे.”

जमुनाबाईला वाटलं, हा नागपूरचा पोरगा भोळा आहे, याला समजावून सांगायला पाहिजे. तिनं भाताचं ताट खाली ठेवलं.

“त्याचं असं हाये बापू. बाप्या लोकायचं मले माहीत नाही, ते बाहीर बसते. पण साऱ्या बायायले माहीत हाये, करते ते बाईच. माह्या मोठ्या सुनीचं बी इथंच झालं. सुट्टी झाली का बाई कानात सांगते, जमुनाबाई, पहिले साहेबाच्या खोलीत जाजा, साहेब तुमच्या हाताले यश हाये म्हणजा, त्याइले बरं वाटते. मंग आमी जातो अन् म्हणतो. आमच्या गावात तं नव्या पोरीले घरूनच शिकवून धाडते. तसं म्हणून देल्यानं आमचं का जाते?”

जमुनाबाईनं साहेबांकडे पाहून मान डोलावली, तीही मायेनंच, आणि पुन्हा ताट उचललं.

लिलाधरांना तिथून केबिनपर्यंतचा रस्ता आठवत नाही. त्यांनी कागद घेतला, हिरव्या शाईचं पेन घेतलं, आणि अतुलनं सांगितलं तसं लिहिलं, की या हॉस्पिटलातली सर्व ऑपरेशनं डॉक्टर ज्योत्सना यांनी केली, मी कार्डं भरली. सही केली. अतुलनं तो कागद फायलीला लावला आणि म्हणाला, “झालं सर. तुमचं काम होईल. दीड महिन्यात पाटी लावा.” जाताना त्यानं हात मिळवला तो आधी ज्योत्सनाबाईंशी. साहेबांनी ते मोजून पाहिलं. अजूनही.

दुपारचे तीन वाजून गेले तेव्हा दोघं वर घरात जेवायला बसले. आपल्या ताटातलं लिलाधर नुसतं चिवडत होते.

“कधीपासून सांगून राहिली तू बायायले?”

“पहिल्या वर्षापासून.”

“काहून?”

ज्योत्सनानं वरण वाढलं, पळी भांड्यात ठेवली. “आपलं पहिलं सिझर आठवते का? त्या पोराच्या आज्यानं माह्या पायावर डोकं ठेवलं होतं. बाई, तुमच्या हाताले यश हाये म्हणे. तुम्ही बाजूलेच उभे होते. तीन दिवस तुम्ही माह्यासंग बोलले नाही. खाली केबिनमधी झोपले. मले वाटलं, मी काय चोरी केली? चौथ्या दिवशी दुसरी पेशंट घरी चालली होती, तिले म्हटलं, माय, पहिले साहेबाले भेटून घे, असं असं म्हण.”

“मंग?”

“मंग काय. तुम्ही हसत वर आले अन् भात तीनदा मागून घेतला. मले ते लई सोपं वाटलं. त्या दिवसापासून सांगून राहिली. माह्या हातचं मले माहीत होतं, लोकायनं सांगाची गरज नोहोती. तुम्हाले होती.”

हे ती चिडून बोलली असती तर लिलाधरांनाही चिडता आलं असतं. ती भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी बोलली. एकोणीस वर्षांत जितक्या लोकांनी त्यांच्या केबिनमध्ये येऊन हात जोडले, तेवढ्या वेळा ही बाई आधी कुणाच्या तरी कानाशी वाकली होती. लिलाधर त्यांचे चेहरे आठवायला लागले, आणि प्रत्येक चेहऱ्यामागे ज्योत्सना उभी दिसायला लागली.

“उद्या सत्यवतीले सुट्टी देऊन राहिली मी,” ती म्हणाली. “आता तं सारं उघडंच पडलं. तिले काय सांगू? तुमच्याकडे पाठवू का नोको?”

योग्य उत्तर काय ते लिलाधरांना ठाऊक होतं. नको पाठवू, तुझ्याच पाया पडू दे तिला. उत्तर जिभेवर आलंही होतं. खाली रिसेप्शनमध्ये तिच्या नावाचा बोर्ड होता, तिची पदवी होती, चौदाव्या रकान्यात तिचं एकटीचं नाव होतं, आणि आता तालुक्यातल्या बायकाही पहिल्यापासून तिच्याच निघाल्या होत्या. त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला.

“पाठव,” ताटातून नजर न उचलता ते म्हणाले. “पहिले माह्याकडेच पाठव.”

“बरं,” ज्योत्सना म्हणाली, आणि त्यांना भात वाढला.